बाहेरच्या भिंतीवरचा खटका

माझी थोरली बहीण साखराबाई बसमध्ये राहते. एसटीत नव्हे. एका शाळेची जुनी बस होती, तिचं तिनं घर केलं आहे. आमच्या पाहुण्यारावळ्यांत यावरून बरंच बोललं जातं. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस मला कोपर मारून विचारतो, "काय व्यंकटराव, बहीण फिरस्ती झाली म्हणे?" मी मान खाली घालून वरण ओढतो. मला तिथल्या तिथं उत्तर सुचत नाही, घरी आल्यावर सुचतं. म्हणून हे लिहायला घेतलं. मी मुदखेडला रेल्वेत पॉइंट्समन होतो. झेंडा दाखवण्यापलीकडं कुणाला काही सांगायची वेळ माझ्यावर फारशी आली नाही. हे नीट लिहून होईल याची खात्री नाही. पण बाईची बाजू कुणीतरी मांडायला पाहिजे, आणि माझ्यापेक्षा बरं लिहिणारे जे आहेत ते तिच्या बाजूचे नाहीत.

मी तिला बाई म्हणतो. आमच्याकडं थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात.

बाईचं सासर लोह्याच्या बाजूचं. आमचे दाजी ग्यानोबा स्वभावानं गरीब, त्यात त्यांचे गुडघे लवकर गेले. शेत बाईनंच पाहिलं. तिच्या दावणीला देवणी बैलांची जोडी असायची आणि बाजाराला गाडी ती स्वतः हाकत जायची. गावात तेव्हा बाईमाणूस गाडी हाकतं हे नवल होतं. एकदा पारावरच्या कुणीतरी टोमणा मारला, "ग्यानोबा आज मागं बसलाय जणू." बाईनं बैल थांबवले आणि म्हणाली, "त्यानं पुढं बसावं वाटत असंल तर त्याचे गुडघे तू दे." 

तिची आणखी एक सवय सांगून ठेवतो, कारण पुढं तीच नडली. बाईला दोरी भुईवर पडलेली खपत नाही. कासरा असो, दावं असो, विहिरीचा नाडा असो, काम झालं की घट्ट वेटोळं करून खुंटीला अडकवायचं. मी लहान असताना तिनं मला वेटोळं घालायला शिकवलं होतं आणि सैल झालं की पाठीत धपाटा घातला होता.

दाजी गेले. दोघं मुलं गावाबाहेर. थोरला भागवत नांदेडला नोकरीत आहे, धाकट्या अंगदची लातूरला औषधांची एजन्सी आहे. दोघांनी ठरवलं की माय एकटी राहायला नको. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, कसायला दिलं. घर खताच्या दुकानदाराला गोदाम म्हणून दिलं. आणि बाईची पाळी लावली, दोन महिने नांदेड, दोन महिने लातूर. आमच्या भागात हे घरोघरी चालतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. मुलं वाईट नाहीत. खाऊपिऊ घालत होती, दवाखाना करत होती. फक्त बाईचा तांब्या कुठल्याच घरात एका जागी राहत नव्हता.

एकदा भागवतच्या घरी ती तुरीची डाळ निवडत बसली होती. भागवत अंगदशी फोनवर बोलत होता आणि फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता.

"या डावाला आठ दिवस आधी घेऊन जा. आमच्याकडं रंगकाम हाय," भागवत म्हणाला.

"मग पुढच्या डावाला तू आठ दिवस जास्ती ठेवायचं," अंगद म्हणाला. "आताच बोलून ठेवतो. मागून कटकट नको."

बाईनं डाळ निवडून संपवली आणि मग मला फोन लावला.

"व्यंकटी, तुमच्या रेल्वेत पार्सल पोचलं की सही घेत्यात न्हवं?"

"हाव."

"मग यांना बी सांग. मला उतरून घेतलं की सही देत जावा म्हणावं."

मी हसलो. ती हसली नव्हती हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्या डावाला ती लातूरला गेली, पण अंगदच्या घरी बॅग टाकून लगेच उदगीरला गेली. देवणीचा मलप्पा तिच्या ओळखीचा होता. बाईची शेवटची बैलजोडी त्याच्या भावाकडून घेतलेली. मलप्पा एका शाळेची छोटी बस चालवायचा. शाळा बंद पडली आणि बस उदगीरच्या एका गॅरेजात लिंबाखाली उभी होती. ती विकायची आहे हे बाईला ठाऊक होतं. पुढचं बोलणं मला मलप्पानंच सांगितलं.

"अक्का, ही घेऊन काय करता री?"

"राहते."

"कुठं?"

"तिच्यातच."

मलप्पानं म्हणे डोकं खाजवलं. मग म्हणाला, "शाळेची पोरं बी सांजच्याला उतरतेत, अक्का. तुमी उतरणारच न्हाई का?"

"न्हाई."

बस तिनं घेतली. बटईचं उत्पन्न तिच्या नावावर येत होतं, मुलांना विचारायचं कारण नव्हतं. कागदपत्रं मलप्पानं रीतसर करून घेतली. गाडी हलवायची असली की तो येणार असंही ठरलं. लातूरच्या एका बॉडीवाल्यानं आतल्या सीटा काढून दिवाण केला, ओटा केला, मागं पडदा लावून छोटी मोरी केली. दाराजवळची एक सीट बाईनं तशीच ठेवायला लावली. "पाव्हणा आला तर बसंल," म्हणाली. गॅसची टाकी गाडीत नको, असं मलप्पानं निक्षून सांगितलं होतं. म्हणून सगळं विजेवरचं घेतलं. इंडक्शनची शेगडी, पाणी तापवायचा रॉड, लहानसा फ्रीज, कूलर, मिक्सर. दिवाणाखाली एक बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवला. त्यावर पंखा आणि दिवा चालायचा, रॉड-शेगडी नाही. त्यांना बाहेरून लाईट घ्यावी लागायची.

तिथूनच सगळं सुरू झालं.

अंगदचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. खाली पार्किंगच्या कडेला बस लागली. अंगदनं दुकानातून बाईच्या पैशानं लांबलचक वायर आणली, गॅलरीतून खाली सोडायला. बाई खाली उभी राहून वर ओरडली, "हळू सोड, इहिरीत बादली सोडल्यावाणी!" सगळ्या गॅलऱ्यांत माणसं गोळा झाली. दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी अंगदकडं आले. म्हणाले, आज तुमच्या मातोश्री आहेत, उद्या कुणाचे सासरे येतील, वायरी कुठवर लोंबकळू द्यायच्या? त्यांचंही अगदीच चूक होतं असं नाही.

अंगद खाली आला. "माय, वर ये. लोकं हसून राहिलेत."

"हसू दे. हसायला लाईट लागत न्हाई."

"वायर काढायला सांगितलीय."

"मग काढ. वायर माझी हाय, ती दे हिकडं."

बाईनं ती सगळी वायर गोळा केली, कोपर आणि अंगठ्यात धरून घट्ट वेटोळं घातलं, वरून गाठ मारली आणि मलप्पाला फोन केला. बस नांदेडला आली.

भागवतचं स्वतंत्र घर आहे, नव्या प्लॉटिंगमध्ये. बाजूला मोकळी जागा आहे. मी त्या दिवशी तिथं होतो. बस आत येताना पाहून भागवत पायरीवरच थिजला.

"माय, हे काय आणलंस?"

"घर."

"आपल्याला घर हाय की."

"तुला हाय," बाई म्हणाली आणि मलप्पाला गाडी अजून थोडी मागं घ्यायला सांगितलं.

घराच्या मागच्या खोलीत वॉशिंग मशीनचा मोठा पॉइंट होता. त्यात पिन लावली आणि खिडकीतून वायर बसपर्यंत आणली. अंतर पाच-सहा पावलांचं, वायर तीन मजल्यांची. उरलेल्या वायरीचं वेटोळं बाईनं बसच्या बाहेरच्या आकड्याला अडकवलं आणि दवानं भिजू नये म्हणून त्यावर पोतं बांधलं. कासरा ठेवतात तसं. मला ते पाहून बरंच वाटलं. वेटोळं कुठंही सैल नव्हतं.

पण लाईट टिकेना. बाईनं रॉड लावून शेगडीवर दूध ठेवावं आणि थोड्या वेळानं टक् करून सगळं बंद पडावं. घराची मागची बाजूही बंद. मग बाईनं स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन हाक मारायची, "शिल्पाबाई, लाईट गेली बरं का." भागवतच्या बायकोनं, शिल्पानं, हातातलं सोडून आतल्या बोर्डावरचा खटका वर करायचा. पुन्हा थोड्या वेळानं टक्.

एके दिवशी भागवत-शिल्पा दोघंही नोकरीवर गेली, नात अंबिका कॉलेजला गेली आणि घराला कुलूप लागल्यावर लाईट पडली. बाईचं दूध तसंच राहिलं, पीठ मळलेलं तसंच राहिलं. संध्याकाळी कुणीतरी कुलूप काढेपर्यंत ती बसच्या पायरीवर बसून होती. दुपारी तिचा मला फोन आला.

"व्यंकटी, माझ्या घरची लाईट दुसऱ्याच्या कुलपात हाय."

"किल्ली मागून घे की एक."

"लाईट माझी, अन् किल्ली मागू व्हय?"

 ते वाक्य माझ्या मनात राहिलं. पुढं जे झालं ते त्या वाक्यातूनच झालं असं मला वाटतं.

शिल्पा कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. सून म्हणून ती बोलायला कमीच. त्या संध्याकाळी मात्र ती कपडे न बदलता बसमध्ये जाऊन दाराजवळच्या सीटवर बसली.

"आत्याबाई, हा खटका का पडतो ते सांगू?"

"सांग. मला वाटतंय तो माझ्यावर डूख धरून हाय."

"तसं नाही. वायरीतून किती वीज जाऊ द्यायची याला हद्द असते. तिला अँपिअर म्हणतात. आपला तो खटका सोळा अँपिअरचा आहे. त्याच्यापेक्षा बरीच जास्त ओढली तर वायर तापून जळेल. ती जळू नये म्हणून तो आधीच पडतो."

"म्हंजी गाडीत सोळाच पोती भरायची."

"हो, तसंच धरा."

"मग माझा रॉड किती पोती?"

"जवळजवळ सात."

"अन् शेगडी?"

"मोठी केली तर आठ."

"झाली की पंधरा. मग पडतो कामून?"

शिल्पा जरा घुटमळली. "त्याच खटक्यावर आमच्या मागच्या बाथरूमचा गिझर आहे. तो नऊ पोती. वर वॉशिंग मशीन. आज सकाळी गिझर बंद करायचा राहून गेला."

बाई तिच्याकडं बघत राहिली. "असं व्हय. गाडी मला दिली, अन् त्यात तुमची पोती आधीच भरलेली."

शिल्पाला हसू आलं. बाईलाही आलं. दोघी इतक्या हसल्या की भागवत खिडकीत येऊन बघून गेला.

त्या दिवसापासून बाईनं मोजायला सुरुवात केली. रॉड आधी, तो काढल्यावर मिक्सर, मग शेगडी. फ्रीज आणि कूलर मिळून दोन पोतीसुद्धा नाहीत, त्यांना सारखं चालायची मोकळीक. गिझर लावायचा असला की शिल्पा खिडकीतून ओरडायची, "आत्याबाई, नऊ पोती!" आणि बाई तिकडून, "थांब, दूध उतरवते!" म्हणायची. "मला पाळी लावली हुती यांनी," बाई मला म्हणाली, "आता मी रॉडला लावली. त्याला वाईट वाटत न्हाई, लोखंडाचा हाय तो." लाईट पडायची थांबली. सगळं सुरळीत लागलं असं वाटत होतं.

आणि मग अंबिकाला बघायला देगलूरकडचे पाहुणे आले.

उन्हाळा कडक होता. भागवतनं बैठकीत दोन कूलर लावले होते. पाहुण्यांसाठी भजी मी तळीन, असं बाई हट्टानं म्हणाली. नातीचे पाहुणे, आजीचा हात लागायला पाहिजे. शिल्पानं गिझर बंद ठेवला, वॉशिंग मशीन बंद ठेवलं. बाईनं शेगडी मोठी करून कढई ठेवली आणि भांडी धुवायला रॉडवर पाणीही लावलं. सात आणि आठ पंधरा, हिशोबात होती ती. पहिला घाणा निघाला, दुसरा निघाला. बराच वेळ चाललं.

मी बैठकीत कोपऱ्यात बसलो होतो. आधी रबर जळाल्यासारखा वास आला. मग बाहेर मोठा आवाज झाला आणि अख्खं घर बंद पडलं. कूलर थांबले. भागवत धावत बाहेर गेला, त्याच्या मागं मी. बसच्या आकड्याला अडकवलेलं ते पोतं धुमसत होतं. त्याच्या आत वायरीचं वेटोळं वितळून एकाला एक चिकटून गोळा झालं होतं. भागवतनं पळत जाऊन पिन काढली आणि मी बादलीभर माती टाकली.

बैठकीत पाहुणे रुमालानं वारा घेत बसले. मुलाची आई सुमनबाई, अंगानं भारी, उन्हानं लाल झालेली. ती उठून अंगणात आली तर तिला बसमधला पंखा चालू दिसला. तो बॅटरीवर होता.

"अगं बाई, हितं तर गार हाय!" म्हणत ती वर चढली आणि दाराजवळच्या सीटवर बसली. बाईनं तिला गार भजी आणि गार पाणी दिलं. दोघी देवणी गाईंबद्दल बोलत बसल्या. पुरुषमंडळी आत घाम पुसत होती आणि मुलाची आई बसमधून उतरायला तयार नव्हती. भागवतचं तोंड मला बघवेना.

दुसऱ्या रविवारी बैठक बसली. लातूरहून अंगद आला, मुदखेडहून मला बोलावलं. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या. बाई खुर्चीवर बसली नाही, बसच्या पायरीवर बसली. पाहुण्यांकडून तोवर काही निरोप आला नव्हता आणि भागवतनं तो राग धरला होता.

"मामा, तुमच्यासमोर बोलतो," भागवत म्हणाला. "आग लागली असती त्या दिवशी. मी गाडीला गिऱ्हाईक बघितलंय. कॅटरिंगवाला हाय, घेऊन जातो म्हणतो. माय आत राहील. पाळी नको तर पाळी नको. कायमची माझ्याकडं राहू दे."

"माझ्याकडं राहिली तरी हरकत न्हाई," अंगद घाईनं म्हणाला.

सगळे बाईकडं बघायला लागले. मला वाटलं ती रागावेल. ती शांत होती.

"आग लागली असती," ती म्हणाली. "हाव. चूक माझी हुती. शिल्पानं मला समजावून सांगितलंय. वायर लांब अन् बारीक, अन् मी तिचं वेटोळं घातलं. वेटोळ्यातली गरमी भाईर निघत न्हाई. ओल्या सोयाबीनची गंजी आतून तापती तसं तापलं. पोती मी बरोबर मोजली हुती, पण गंजी ध्यानात आली न्हाई. वरून पोतं बी मीच बांधलं."

"मग झालं तर," अंगद म्हणाला. "इकायची न्हवं गाडी?"

"कामून?"

"कामून म्हंजी? तूच म्हणतीस चूक झाली."

बाई पायरीवरून उठली.

"भागवत, दोन सालाखाली तुझ्या न्हाणीतला गिझर फुटला. भिंत काळी झाली, पोरगी थोडक्यात वाचली. तू घर इकलंस का?"

ती अंगदकडं वळली.

"अंगद, तुझी लिफ्ट अडकून माणसं आत कोंडली हुती. इमारत इकली का कुणी? घर म्हणलं की बिघडतंय. बिघडलं की नीट करायचं. तुमचं बिघडलं की वायरमन बोलवायचा, अन् माझं बिघडलं की गिऱ्हाईक?"

 शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत होतं, ते थांबलं.

"माय, तसं न्हवं..." भागवत म्हणाला.

"तसंच हाय. तुम्ही याला घर धरलंच न्हाई अजून. माझं खूळ धरलंय. खूळ हाय, मोडलं की बरं. मी सांगून ठेवते, मी तिकडं आत येत न्हाई. कायमची बी न्हाई, पाळीनं बी न्हाई. वायर दिली न्हाईस तर कंदिलावर राहीन. हितनं हाकललंस तर माझ्या शेतात गाडी उभी करीन. पण उतरणार न्हाई."

भागवतचा आवाज चढला. "मग पायजे तरी काय तुला?"

"खटका."

"काय?"

"खटका. तुमच्या सोळातलं मला नको. मीटरपासून माझी लाईन येगळी. वायर जाड, लागंल तेवढीच. बिल मी भरीन. अन् खटका भाईर. माझा खटका पडला की मी उचलणार. तुझ्या दारात येऊन लाईट लावा, लाईट लावा म्हणणार न्हाई."

शिल्पा दारात उभी होती. ती म्हणाली, "करता येतं. आपल्या मंजूर लोडमध्ये बसतं. सोळा अँपिअरचाच वेगळा एमसीबी, चार एमएमची वायर, करंट लागू नये म्हणून त्याचा वेगळा खटका, आणि बसला पक्कं अर्थिंग. दिवसभराचं काम आहे."

भागवत तिच्यावर उखडला. "हे तुला ठाऊक हुतं तर आधी कामून बोलली न्हाईस?"

"आधी तुम्ही विचारलं होतं का?"

अंगदला हसू फुटलं. भागवतनं मग माझ्याकडं मोर्चा वळवला. "मामा, तुम्ही थोरले. तुम्ही सांगा काय ते."

माझ्या हातात चहाचा कप होता. अशा वेळी मी बहुतेक "तुमचं तुम्ही बघा" म्हणतो. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "खटका भाईर पायजे." एवढंच. कप मी खाली ठेवला.

"बोललास रे बाबा," बाई म्हणाली.

वायरमन आला. भागवतनं त्याला भिंतीवर जागा दाखवली, वर, सज्जाच्या खाली, पावसाचं पाणी लागू नये म्हणून. मन लावून दाखवत होता. राग होता, पण काम अर्धवट करायचा त्याचा स्वभाव नाही. बाई जवळ गेली आणि हात वर करून बघितला. हात पोचत नव्हता.

"हितं न्हाई."

"माय, पावसाचं पाणी..."

"पेटीला झाकण लाव. पावसासाठी झाकण असतंय, मला लांब हात मिळत न्हाईत." तिनं खाली पडलेला विटेचा तुकडा उचलला आणि आपल्या खांद्याच्या उंचीवर भिंतीवर रेघ ओढली. "हितं."

नव्या रंगकामावर ती तांबडी रेघ उठून दिसत होती. भागवतनं रेघेकडं बघितलं. मग वायरमनला म्हणाला, "हितंच मार."

संध्याकाळपर्यंत पेटी बसली. बसपर्यंत जाड वायर पाइपातून आणली, वेटोळं घालायला एक वीतही उरली नाही. वायरमन पक्कड पिशवीत टाकून गेला. त्या पाहुण्यांचा निरोपही दोन दिवसांनी आला, ते नाही म्हणाले. अंबिकालाच तो मुलगा नको होता, त्यामुळं घरात कुणी फार मनाला लावून घेतलं नाही.

वायरमन गेल्यावर बाईनं शिल्पाकडून इस्त्री आणि चहाची विजेवरची किटली मागून आणली. मला वाटलं लाईट चालू झाली म्हणून चहा करते आहे. तिनं रॉड बादलीत सोडला. शेगडी मोठी केली आणि पाण्यानं भरलेलं पातेलं ठेवलं. किटली लावली. मग इस्त्रीही लावली.

"बाई, अगं मोज की," मी म्हणालो. "सव्वीस पोती झाली."

"मोजलीत."

थोडा वेळ काहीच झालं नाही. किटली बोलायला लागली. बाई सीटवर हात बांधून बसली होती. मग भिंतीवरच्या पेटीत टक् आवाज झाला आणि बसमधली शेगडी-किटली बंद पडली. भागवतच्या घरात मात्र ट्यूब तशीच जळत होती, टीव्ही तसाच चालू होता.

बाईनं एकेक पिन काढली. पायरी उतरली. अंगणातून सावकाश चालत भिंतीपाशी गेली आणि पेटीचं झाकण उघडलं. भागवत आवाज ऐकून दारात आला.

"माय, काय झालं? लाईट गेली का?"

"गेली. मी पाडली."

"कामून?"

"उचलून बघायची हुती," बाई म्हणाली, आणि तिनं खटका वर केला.